पदराच्या गाठीतली पट्टी

दसरा उलटला की मोखाड्याच्या पाड्यांवर दिवसा घरात माणूस सापडत नाही. नागली-वरई पिकलेली असते, हळवं भात कापून खळ्यावर आलेलं असतं आणि उतारावरचं गवत छातीला लागत असतं. अशा दिवसांत गरोदर बाईची तपासणी करायची तर नर्सनेच शेताच्या बांधावर जायचं. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर वीसेक वर्षं काम केलेल्या एका आरोग्यसेविकेने हे किती वेळा केलं, याची मोजदाद त्यांच्याकडेही नाही. पाड्यांवर त्यांना सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. इथेही तेच नाव पुरे.

अशाच एका सकाळी सिस्टर खळ्याशेजारच्या आंब्याखाली रक्तदाबाचं यंत्र उघडून बसल्या होत्या. समोर पाचव्या महिन्यातली पहिलटकरीण. दंडाला पट्टा गुंडाळायला घेतला आणि तिला शिंका सुरू झाल्या. एक, दोन, पाच, नऊ. पट्टा सोडून थांबावं लागलं. डोळे लाल, नाकाचा शेंडा पुसून पुसून सोललेला, वरचा ओठ हुळहुळा झालेला.

“कधीपासून?” सिस्टरांनी विचारलं.

“गवत कापायला लागलो तवापासून. पण गोळी घेते ना मी.”

तिने पदराची गाठ सोडली. आत दहा गोळ्यांची पट्टी होती, त्यातल्या सहा संपलेल्या. नवऱ्याने आठवड्याच्या बाजारातून आणलेली.

“पोटात बाळ आहे हे सांगितलं होतं का देणाऱ्याला?”

“सर्दीला काय सांगायचं?”

सिस्टरांनी पट्टी उलटी केली. मागची अक्षरं मुंगीएवढी, तीही इंग्रजीत. एकाच गोळीत चार औषधं होती : पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन आणि कॅफीन. आपल्याकडे ‘सर्दीची गोळी’ म्हणून जे काही हातात पडतं, त्यात बहुतेक वेळा हीच चौकडी किंवा तिची भावंडं असतात. पॅरासिटामॉल तापावर, या बाईला ताप नव्हताच. क्लोरफेनिरामाइन हे अॅलर्जीचं जुनं औषध, शिंका थांबवतं पण झोप आणतं. कॅफीन त्या झोपेवर उतारा. आणि फेनिलेफ्रिन फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळून चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी. अडचण अशी, की गिळलेली गोळी फक्त नाकातल्याच रक्तवाहिन्या आवळेल याची शाश्वती नसते. रक्तदाब चढू शकतो. म्हणून गरोदरपणात, त्यातही पहिल्या 3 महिन्यांत आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्या बाईला, अशी औषधं डॉक्टर टाळतात.

शिंका ओसरल्यावर पट्टा पुन्हा गुंडाळला. मागच्या महिन्यात वरचा आकडा ११० होता, आज १३४. तो गोळीनेच चढला, असं एका मोजणीवरून म्हणता येत नाही, आणि सिस्टरांनी तसं म्हटलंही नाही. त्यांनी पट्टी मागून घेतली, दोन दिवसांनी पुन्हा रक्तदाब बघायचं ठरवलं आणि वहीत पेन्सिलीने लिहिलं : ‘नाक. गवत. बाजारची गोळी.’

पेन्सिलीने लिहिण्याचं कारण साधं आहे. गरोदर मातांच्या नोंदवहीत वजनाला रकाना आहे, रक्तदाबाला आहे, हिमोग्लोबिनला, लघवीच्या तपासणीला, सिकलसेलला आहे. नाकाला नाही. हे समजण्यासारखं आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकांचे मृत्यू झाले आणि सगळ्या महाराष्ट्राला या डोंगरातलं कुपोषण ठाऊक झालं. तेव्हापासून इथल्या आरोग्ययंत्रणेची नजर रक्तातलं लोह, पोटातलं अन्न आणि बाळाचं वजन यांवर आहे, आणि ती तिथेच असायला हवी. पण चोंदलेल्या नाकाने बाई रात्रभर जागी राहिली, वास-चव गेल्यामुळे सरकारच्या अमृत आहार योजनेतलं ताट अर्धं टाकून उठली, तर तो त्रासही शेवटी याच रकान्यांत उतरतो. एवढ्या वर्षांत सिस्टर जे शिकल्या, त्याचा गाभा हा आहे.

*

गवताच्या या सर्दीला इंग्रजीत ‘हे फीवर’ म्हणतात, मराठी कोशांत ‘परागज्वर’. दोन्ही नावांत ताप आहे, आजारात मात्र ताप नसतो. १८१९ मध्ये लंडनमधल्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी दर उन्हाळ्यात आपलं नाक-डोळे कसे वाहतात, याची हकिकत वैद्यकसभेपुढे वाचली. लोकांनी दोष वाळल्या गवताला दिला आणि नाव पडलं. खरा दोषी गवताच्या फुलातला पराग, हे १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्या नाकावर प्रयोग करून दाखवलं. शरीर त्या निरुपद्रवी कणाला शत्रू समजतं, हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं, आणि शिंका, खाज, पाणी असा सगळा गोंधळ सुरू होतो.

विलायतेत गवताचा मोसम मे ते जुलै. आपल्याकडे पाऊस सरता सरता गवत फुलोऱ्यावर येतं, आणि ते कापायची वेळही लगोलग येते. पालघर जिल्ह्यात गवत हे पीकच आहे. उतारावरचं गवत कापून, वाळवून, भारे बांधून वखारीत जातं, तिथे गाठी होतात आणि मुंबईकडच्या तबेल्यांना पोचतात. या कामामागे मोठा इतिहास आहे. १९४५ च्या ऑक्टोबरात डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी गवतकापणीवर बहिष्कार टाकला, तो ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होत्या. तलवाडा इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होते. गवत कापणाऱ्या हाताला काय मिळावं, यासाठी या जिल्ह्याने रक्त सांडलं आहे. कापणाऱ्या बाईच्या नाकात त्या गवतातून काय जातं, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारला नाही.

कुठल्या महिन्यात नाकात काय जातं, याचं सिस्टरांच्या डोक्यात आता पक्कं वेळापत्रक आहे. आश्विन-कार्तिकात गवत. पाठोपाठ झोडणी-मळणी, तेव्हा भाताचं तूस आणि बुरशीची पूड उडते. माघ-फाल्गुनापासून राब भाजणी : रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या आणि गवत यांचे थर रचून पेटवतात, आणि सगळी वाडी निळसर धुरात जाते. पावसाळ्यात कुडाच्या भिंतींना ओल धरते, गोधड्या आठवडे-आठवडे वाळत नाहीत, आणि बुरशी व धुळीतले अतिसूक्ष्म किडे यांचं फावतं. रस्त्याकडेचं गाजर गवत वेगळंच. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं हे तण आता सगळीकडे आहे आणि त्याचा परागही नाकाला तितकाच झोंबतो. या सगळ्यावर बारमाही चुलीचा धूर. धुराने अॅलर्जी होत नाही, पण आधीच चिडलेलं नाक तो अधिक चिडवतो.

*

यात गरोदरपणाची स्वतःची भर पडते. पोटात बाळ वाढताना बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, संप्रेरकं बदलतात आणि नाकाच्या आतलं अस्तर सुजतं. अॅलर्जी नसतानाही साधारण पाचातल्या एका गरोदर बाईचं नाक आठवडेच्या आठवडे बंद राहतं आणि बाळंतपणानंतर दोनेक आठवड्यांत आपोआप मोकळं होतं. ज्यांना आधीपासून अॅलर्जी आहे, त्यांच्यात ढोबळमानाने एकतृतीयांश बायांचा त्रास या काळात वाढतो, एकतृतीयांश बायांचा कमी होतो, उरलेल्यांचा होता तसाच राहतो. कुणाचं काय होईल, हे आधी सांगता येत नाही.

म्हणून सिस्टर अंदाज बांधत बसत नाहीत. त्या चार प्रश्न विचारतात.

पहिला : दरवर्षी याच दिवसांत होतं का? लग्नाआधीही, माहेरी असतानाही? उत्तर हो असेल तर संशय अॅलर्जीकडे जातो. गर्भारपणातच पहिल्यांदा सुरू झालं असेल आणि नाक नुसतं चोंदत असेल, तर तो गरोदरपणाचाच भाग असू शकतो.

दुसरा : खाज आहे का? नाकात, डोळ्यांत, टाळूला? अॅलर्जी खाजवते. नाकातून येतं ते पाण्यासारखं पातळ. घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, गालाच्या हाडात ठणका, असं असेल तर ते दुखणं वेगळं आणि त्याला डॉक्टर हवा.

तिसरा : ताप आहे का? हा प्रश्न विचारताना त्यांचा हात बाईच्या कपाळावर गेलेलाच असतो. ताप असेल तर ही गवताची सर्दी नव्हे. या भागात गरोदर बाईचा ताप म्हणजे मलेरिया, डेंग्यू, फ्लू, लेप्टोस्पायरोसिस यांपैकी काहीही असू शकतं आणि रक्ताचा नमुना त्याच दिवशी घ्यायचा असतो. 2 आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीची तपासणी, क्षयाची शंका दूर होईपर्यंत.

चौथा प्रश्न त्या हळू आवाजात विचारतात, कारण त्याचं उत्तर बाया लपवतात : रात्री छातीत शिट्टी वाजते का? धाप लागते का? अॅलर्जीचं नाक आणि दम्याची छाती यांचं नातं जवळचं आहे. नाकाकडे दुर्लक्ष झालं की दमाही बळावतो.

या चौथ्या प्रश्नामागे एक रात्र आहे.

*

ती गोष्ट जव्हारच्या बाजूच्या एका पाड्यातली, बऱ्याच वर्षांपूर्वीची. सातव्या महिन्यातली बाई, लहानपणापासून दम्याची. तिच्याकडे पंप होता आणि तो कसा घ्यायचा हेही तिला येत होतं. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी पंप बंद करायला लावला. पंपाची सवय लागते, ती बाळालाही लागेल, असं कुणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्याच्या मनात मायाच होती. बाईनेही मुकाट्याने ऐकलं. बाळासाठी आई काहीही सोडते.

भात झोडायच्या दिवसांत आधी नाक गळायला लागलं, मग खोकला, मग एका रात्री तिला आडवं होता येईना. पाड्यापासून डांबरी रस्ता दूर, मध्ये ओहोळ. चौघांनी तिला झोळीत बसवून वर आणलं. बसवून, कारण झोपवली की जीव घाबरा व्हायचा. सिस्टर रस्त्यावर जीप घेऊन उभ्या होत्या. बॅटरीच्या उजेडात तिचे ओठ त्यांनी पाहिले. काळसर निळे. जव्हारच्या रुग्णालयात ऑक्सिजन लागला, वाफेतून औषध गेलं, आणि पहाटेपर्यंत ती बोलायला लागली. तिचा पहिला प्रश्न होता, “वाफेतनं औषध दिलंत, बाळाला काही होईल का?”

डॉक्टरांनी तिला जे समजावलं, ते सिस्टर आजतागायत प्रत्येक पाड्यावर सांगतात. पोटातल्या बाळाला स्वतःचा श्वास नसतो. आईच्या रक्तातून येतो तेवढाच ऑक्सिजन त्याला मिळतो. आईचा दमा आटोक्यात नसला तर बाळ अशक्त होतं, दिवस भरण्याआधी येऊ शकतं, आईचा रक्तदाब चढू शकतो. दम्याचा पंप गरोदरपणात चालतो, आणि तो चालू ठेवणं हीच बाळाची काळजी आहे. त्या बाईचं बाळंतपण पुढे दवाखान्यातच, वेळेवर झालं. पंप उशाशी होता.

औषधाची ही भीती हवेतून आलेली नाही. १९५७ ते १९६१ या काळात युरोपात थॅलिडोमाइड नावाचं औषध गरोदर बायांना मळमळीवर दिलं गेलं आणि हजारो मुलं हातापायांविना किंवा अपुऱ्या हातापायांची जन्मली. तेव्हापासून जगभरच्या वैद्यकाने गर्भारपणातल्या औषधांबाबत कानाला खडा लावला आहे. पण त्या धड्याचा अर्थ ‘कुठलंच औषध नको’ असा लावला तर पंप बंद होतो, आणि ‘सर्दीच तर आहे’ म्हटलं तर बाजारची पट्टी पदरात येते. सिस्टरांनी दोन्ही चुका एकाच घरात, एकाच बाईच्या बाबतीत घडताना पाहिल्या आहेत : दवाखान्यातल्या डॉक्टरने लिहून दिलेलं बंद, आणि दुकानातून न विचारता आणलेलं चालू.

*

मग चालतं काय? पहिला उपाय घरातच असतो.

खळ्यावरच्या त्या पहिलटकरणीच्या घरी सिस्टर दोन दिवसांनी गेल्या. रक्तदाब खाली आला होता, नाक तसंच. सासूबाई चुलीपाशी होत्या. सिस्टरांनी त्यांनाच कामाला लावलं, कारण घरात जे सासूच्या हातून होतं तेच टिकतं. पातेल्यात पाणी खळखळून उकळलं, झाकून कोमट होऊ दिलं. स्टीलचा पेला भरून त्यात पाव छोटा चमचा मीठ ढवळलं. पिशवीतून सुई नसलेली १० मिलीची नवी सिरिंज काढली. बाईला दारात पुढे वाकून उभं केलं, तोंड उघडं ठेवायला सांगितलं आणि एका नाकपुडीत हळूच पाणी सोडलं. ते दुसरीतून बाहेर आलं, सोबत भुशाचे बारीक काळे कण घेऊन. सासूबाई वाकून बघत राहिल्या. “एवढं आत बसलं होतं?” त्यांनी विचारलं. नंतर दुसरी बाजू. सगळं मिळून 3 मिनिटं लागली. पोरीने नाकाने एक लांब श्वास घेतला आणि ती म्हणाली, चुलीवरच्या भाकरीचा वास आला.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्यात औषध नाही, धोका नाही. अट एकच, पाणी उकळलेलंच हवं. विहिरीचं किंवा टँकरचं पाणी तसंच नाकात घालायचं नाही. मोखाड्यात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. त्या दिवसांत पेलाभर पाणी उकळून ठेवा म्हणणं सोपं नसतं, हे सिस्टरांना माहीत आहे. तरी त्या सांगतात, कारण याहून स्वस्त उपाय नाही.

बाकीच्या गोष्टीही अशाच. कापणी-झोडणीच्या वेळी नाका-तोंडावर सुती फडकं दुपदरी बांधायचं. जमेल त्या घरात गर्भार बाईला झोडणी आणि राब भाजणी यांतून मोकळं ठेवून तिला दुसरं काम द्यायचं. शेतातून आलं की हातपाय-तोंड धुऊन लुगडं बदलायचं. तेच लुगडं घेऊन झोपलं तर पराग अंथरुणात येतो. गोधड्या कडक उन्हात टाकायच्या. झोपताना उशाखाली दुमडलेली गोधडी घालून डोकं उंच ठेवायचं. साधी वाफ चालते, पण भांडं जमिनीवर पक्कं ठेवून. कलंडलेल्या भांड्याने भाजलेल्या मांड्या सिस्टरांनी पाहिल्या आहेत. वाफेच्या पाण्यात कापूर किंवा कुणी सांगितलेल्या पुड्या टाकायच्या नाहीत. आणि नाक बंद असलेली बाई एकाएकी मोठ्याने घोरायला लागली, डोकं दुखतं म्हणाली, पाय-चेहरा सुजला, तर नाकाचं नाव सोडून आधी रक्तदाब मोजायचा.

एवढ्याने भागलं नाही तर औषध आहे, आणि ते डॉक्टरनेच द्यायचं. सिस्टर स्वतः गोळी ठरवत नाहीत. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावतात किंवा उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर डॉक्टरांशी बोलणं करून देतात. रेंज नसली तर टेकाडावर जातात. गरोदर बायांमध्ये वर्षानुवर्षं वापरून झालेली आणि बाळाला अपाय झाल्याचं न दिसलेली औषधं थोडी आहेत, पण आहेत. सिट्रिझिन आणि लोराटाडिन या गोळ्या त्यांत येतात. सिट्रिझिन सरकारी दवाखान्यात असते. सुस्ती येऊ शकते म्हणून ती बहुधा रात्री घ्यायला सांगतात. त्रास रोजचा आणि जास्त असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. गरोदरपणात त्यांतल्या ब्युडेसोनाइडचा अनुभव सर्वांत मोठा आहे. स्टिरॉइड शब्द ऐकून घरचे दचकतात, पण फवाऱ्यातलं औषध नाकापुरतं काम करतं आणि रक्तात अगदी थोडं उतरतं. पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि गावात कुणी टोचतं ती इंजेक्शनं यांच्याशी त्याची गल्लत करायची नाही.

फवारा मारण्याचीही रीत आहे आणि ती न दाखवता दिला तर अर्धा वाया जातो. डोकं किंचित पुढे. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, म्हणजे टोक आपोआप बाहेर, कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारलं की तिथली नाजूक कातडी फुटून रक्त येतं, आणि गर्भारपणात नाकातून रक्त तसंही लवकर येतं. जोरात ओढायचं नाही, ओढलं तर औषध घशात जातं. गुण यायला दिवस लागतात, कधी आठवडाभर. पहिल्या दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडायचं नाही.

काय टाळायचं, याची यादी सिस्टरांनी उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली आहे. चार औषधं एकत्र असलेली सर्दीची गोळी. नाक मोकळं करणारे थेंब, जे 3 ते 5 दिवसांवर गेले की नाक त्यांच्यावाचून उघडेनासं होतं. अंगदुखीच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइडसारख्या गोळ्या, ज्या विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला आणि गर्भजलाला बाधू शकतात. अॅलर्जीची नवी लसमालिका गरोदरपणात सुरू करत नाहीत; आधीपासून चालू असेल तर डॉक्टर ठरवतात. ताप वा अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल, तेही विचारून.

*

दिवाळी झाली की हे सगळं पुन्हा अवघड होतं. खळं उरकतं आणि पाडे रिकामे व्हायला लागतात. लोक ‘जगायला’ जातात. इथे स्थलांतराला हाच शब्द आहे. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, वाळू, बांधकामं. गर्भार बायाही जातात, कारण जोडीनेच उचल घेतलेली असते. गवताच्या परागातून सुटलेली बाई भट्टीच्या धुरात आणि मातीच्या धुळीत जाते. तिथे तिची सिस्टर नाही, आशाताई नाही; असतं ते जवळचं दुकान आणि तिथली पट्टी.

ती पहिलटकरीणही गेली. जायच्या आदल्या दिवशी सिस्टरांनी तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या पानावर ठळक लिहिलं : ‘अॅलर्जीची सर्दी आहे. सर्दीची मिश्र गोळी देऊ नये. रक्तदाब पाहावा.’ डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं नाव खाली मराठीत आणि इंग्रजीत. सिरिंज आणि मिठाची पुडी पिशवीत. नवऱ्याला दर महिन्याची ९ तारीख पाठ करायला लावली, कारण प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी डॉक्टर करतात, मग ती कुठल्याही तालुक्यातली असो. होळीला ती परतली ती बाळ घेऊन. नाकाबद्दल विचारल्यावर हसली. बाळंतपणानंतर रात्रीचं चोंदणं गेलं होतं, गवताच्या शिंका मात्र पुढच्या आश्विनात येतीलच, हे तिला माहीत होतं. अंगावर पाजत असताना कुठली गोळी चालेल, हे तिने आधीच विचारून ठेवलं.

हे वाचणारे बहुतेक जण शहरात असतील, आणि गर्भार बाईच्या शिंका तिथेही आहेत; फक्त गवताच्या जागी गाद्या, पडदे, कबुतरं आणि बांधकामाची धूळ आहे. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर ते चार प्रश्न तिला विचारा. धाप किंवा शिट्टी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चालू असलेला पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अर्ध्या संपलेल्या सुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.